मारेकरी, देवी आणि वत्सगुल्माचा शेवट : कथेतून इतिहास किती घ्यायचा?

पीएच.डी.च्या तयारीला लागलेले विद्यार्थी, विशेषतः सायन्सकडून इतिहासाकडे वळलेले, एक प्रश्न हमखास विचारतात. कथा हा पुरावा होऊ शकतो का? लेखकाने रचलेली गोष्ट संशोधनात कशी चालेल?

याचं उत्तर थेट हो किंवा नाही असं देता येत नाही. म्हणून एक खरं उदाहरण घेऊ. ते वाशीमशी जोडलेलं आहे आणि त्यात मारेकरी आहे, विष आहे, परागंदा झालेला बालराजा आहे, मूर्तीखालचं भुयार आहे आणि देवीच्या नावाने केलेलं राजकारणही आहे. आज कुणी सायन्स फिक्शनचा प्लॉट रचायला बसलं तर हेच सामान गोळा करेल. फरक एवढाच की हा प्लॉट सुमारे तेराशे वर्षं जुना आहे आणि त्याच्या आधारावर अजिंठ्याच्या तारखा ठरवल्या गेल्या आहेत.

आधी हातात काय आहे ते पाहू

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला आणि ही शाखा नीट प्रकाशात आली. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा इथे देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला. त्यावर शक ३८० म्हणजे इ.स. ४५७-५८ हे वर्ष आहे आणि सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं खोदवलं. तिथल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी हरिषेणाशी जोडलेल्या देशांची यादी येते.

त्यानंतर मात्र सगळं शांत. हरिषेणानंतरच्या वत्सगुल्माच्या राजाचा एकही ताम्रपट आजवर मिळालेला नाही. एवढं मोठं राज्य गेलं कुठे?

इथे दंडी येतो. कांचीच्या पल्लवांच्या काळातला, साधारण सातव्या शतकाच्या अखेरचा हा संस्कृत गद्यलेखक. त्याच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाची गोष्ट आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी असं मांडलं की ही वाकाटकांच्या शेवटाचीच आठवण आहे, फक्त नावं बदललेली आहेत. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी हीच मांडणी पायाशी धरली आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या टप्प्यातलं जवळजवळ सगळं काम साधारण वीस वर्षांत, इ.स. ४८० च्या आसपास संपवून दाखवलं.

गोष्ट काय आहे?

विदर्भाचा राजा पुण्यवर्मा आदर्श होता. त्याचा मुलगा अनंतवर्मा हुशार, पण दंडनीतीचा त्याला कंटाळा. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्याला राज्यशास्त्राची टिंगल करून दाखवतो. त्यात विष्णुगुप्ताने मौर्यासाठी रचलेल्या ग्रंथाचा थेट उल्लेख आहे. मग शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू आपल्या मंत्र्याच्या मुलाला, घरातून हाकलून दिल्याचं सोंग देऊन, विदर्भाच्या दरबारात घुसवतो. राज्य आतून पोखरलं जातं. वनवासीचा राजा हल्ला करतो, मांडलिक ऐनवेळी उलटतात, अनंतवर्मा मारला जातो. वसंतभानू मांडलिकांना लुटीवरून आपसात भांडायला लावतो आणि राज्य स्वतः गिळतो.

राणी वसुंधरा मुलगी मंजुवादिनी आणि लहानगा भास्करवर्मा यांना घेऊन महिष्मतीला, दीर मित्रवर्म्याकडे जाते. त्याची नियत फिरते, म्हणून ती मुलाला एका म्हाताऱ्या सेवकासोबत जंगलात पाठवते. तिथे त्यांना विश्रुत भेटतो. हा आपला नायक, आणि खरं तर आपला मारेकरीसुद्धा.

त्याची योजना पायरीपायरीने चालते. मुलगा मेला अशी हूल उठवायची. वत्सनाभ म्हणजे बचनागाच्या पाण्यात माळ बुडवायची आणि राणीने ती मित्रवर्म्याच्या छातीवर, तोंडावर मारायची. मी पतिव्रता असेन तर हा घाव तलवारीचा ठरो, असं म्हणायचं. तो मेला की तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात बुडवून मुलीच्या गळ्यात घालायची. मुलीला काही होत नाही, म्हणजे राणीचं सत्त्व सिद्ध! मग विंध्यवासिनी देवीने स्वप्नात सांगितल्याचं लोकांत पसरवायचं. दरम्यान मंजुवादिनीशी लग्न लावायला बसलेल्या प्रचंडवर्म्याला विश्रुत खेळ करणाऱ्याच्या वेशात सुरी फेकून मारतो आणि ओरडतो वसंतभानूच्या नावाने, म्हणजे आळ शत्रूवर. शेवटी देवीच्या मूर्तीखाली आधीच पोखरून ठेवलेल्या जागेतून तो मुलाला घेऊन बाहेर येतो. देवीनेच पोर सांभाळलं म्हणत लोक हात जोडतात.

यातला इतिहास कोणता?

आपण सायन्सवाले आधी विष तपासतो. बचनागातलं ॲकोनिटीन हृदयाची लय बिघडवतं आणि कातडीतून शोषलं जातं, हे खरं. पण माळेच्या एका फटक्यात माणूस कोसळणं पटत नाही, आणि त्यावर हमखास उतारा आजही नाही. मात्र विष शक्य होतं की नव्हतं, एवढ्यावरून घटना घडली की नाही हे ठरत नाही. त्याहून उपयोगी प्रश्न असा, की दंडीने ही कल्पना आणली कुठून?

कौटिलीय अर्थशास्त्र उघडा. पहिल्या अधिकरणात राजाला अंतःपुरातल्या धोक्यांबद्दल सावध केलं आहे. विष लावलेल्या पैंजणाने, कंबरपट्ट्याच्या मण्याने राण्यांनी राजे मारल्याची यादीच तिथे आहे. तेराव्या अधिकरणात शत्रूचा गड घेण्याचे उपाय येतात. त्यात भुयारातून मूर्तीच्या पोकळीत शिरून देव बोलतोय असं भासवण्याची युक्ती आहे. म्हणजे विषारी दागिना आणि मूर्तीखालचं भुयार हे दोन्ही पाठ्यपुस्तकातले नमुने. ज्या शास्त्राची टिंगल करून अनंतवर्मा बुडाला, त्याच शास्त्राच्या कलमांनी विश्रुत राज्य परत मिळवायला निघतो. दंडीची रचना इतकी चोख आहे.

आणि रचना चोख आहे म्हणूनच हे खून वाकाटकांच्या इतिहासात धरता येत नाहीत. प्लॉटला त्यांची गरज होती, आणि ते तयार साच्यातून आले.

आता ज्याची प्लॉटला गरज नव्हती ते पाहा. दंडी मांडलिकांची नावं आणि देश देतो : कुंतल, मुरल, ऋषिक, कोंकण, नासिक्य, शिवाय वनवासी आणि अश्मक. नुसते ‘काही मांडलिक उलटले’ म्हटलं असतं तरी गोष्ट पुढे गेली असती. दूर कांचीत बसलेल्या, दोनशे वर्षांनंतरच्या लेखकाला विदर्भाभोवतीचा इतका नेटका नकाशा कशाला लागला? एक धागा असा, की दंडीच्या ‘अवन्तिसुन्दरीकथे’त त्याचे पूर्वज अचलपूरला राहत असल्याचं येतं. ते अचलपूर अमरावती जिल्ह्यातलंच मानलं, तर घरात जपलेली आठवण शक्य आहे. मिराशींच्या मांडणीचं खरं बळ मला इथे वाटतं, खुनांच्या थरारात नाही.

वर्तुळापासून सांभाळा

तरी एक धोका उरतोच. अजिंठ्याचं काम अर्धवट का थांबलं? युद्धामुळे. युद्ध झालं हे कशावरून? दंडीच्या कथेवरून. कथा खरी कशावरून? काम अर्धवट थांबलं त्यावरून. हे वर्तुळ झालं. व्हायव्हात परीक्षक नेमका इथेच बोट ठेवतो.

यातून बाहेर पडायचं तर कथेच्या बाहेरचा पुरावा लागतो. स्पिंक यांच्याकडे तो काही प्रमाणात होता : खोदकामाचा क्रम, दारांच्या बिजागरीच्या खोबणी, अर्धवट राहिलेले खांब. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातला लेख अश्मकाच्या मंत्र्याचं नाव घेतो, वाकाटक राजाचं घेत नाही. यावरून अश्मक वेगळे झाले असावेत हे अनुमान कथेशिवायही उभं राहतं. पण अनंतवर्मा म्हणजे अमुक वाकाटक राजा, हे समीकरण तसं उभं राहत नाही. ते आजही हायपोथेसिसच आहे, आणि थिसिसमध्ये ते तसंच लिहावं.

मग मारेकऱ्याचं काय करायचं?

त्याला फेकून देऊ नका. तो पाचव्या शतकाचा पुरावा नसला तरी दंडीच्या काळाचा नक्कीच आहे. विश्रुताला केवळ खून करून भागत नाही. पोराला गादी मिळायची तर देवीने त्याला आपलं म्हणावं लागतं, आणि ते चारचौघांसमोर घडावं लागतं. ही युक्ती वाचकाला पटेल असं लेखकाला वाटलं, याचा अर्थ राजाला देवतेचा कौल कसा उपयोगी पडतो हे त्या काळच्या वाचकाला ठाऊक होतं. आणि हे सगळं रचलेलं आहे हेही दंडी वाचकाला आधीच सांगून ठेवतो. लोक हात जोडतात तेव्हा भुयार कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं.

सायन्स फिक्शनही अशीच वाचायची असते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतून १७६१ चा पुरावा कुणी काढणार नाही. पण विसाव्या शतकातल्या मराठी मनाला पानिपत किती सलत होतं, आणि एका गोळीने इतिहास बदलतो का या प्रश्नाचं किती आकर्षण होतं, हे त्यातून जरूर कळतं.

तेव्हा कथा हाती आली की वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात प्लॉटला लागणाऱ्या आणि तयार साच्यातून आलेल्या गोष्टी. दुसऱ्यात प्लॉटला न लागणारे, उगाच आलेले वाटणारे तपशील. तिसऱ्यात ज्यांना लेख, नाणं, ताम्रपट किंवा खोदकाम दुजोरा देतं अशा गोष्टी. दुसऱ्या रकान्यातलं तिसऱ्यात किती जातं, तेवढाच त्या घटनेचा इतिहास. पहिला रकाना लेखकाच्या काळासाठी राखून ठेवा. विश्रुतचरित छोटं आहे, मराठी किंवा इंग्रजी भाषांतर घेऊन एका आठवड्यात हे करून होईल. आधी हिस्से-बोराळ्याचा लेख वाचा, मग दंडी. क्रम उलटा केलात तर प्रत्येक शिलालेखात विश्रुत दिसायला लागेल.