गुडघेदुखीच्या चिठ्ठीवर भाष्य

साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू. अशा रुग्णाच्या हाती आपल्याकडे सर्रास पडते त्या धर्तीची चिठ्ठी घेऊन तिची एकेक ओळ पाहू.

‘ॲसिक्लोफिनॅक १०० मि.ग्रॅ. + पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ.’
एका गोळीत दोन औषधे. सूज उतरवते ते ॲसिक्लोफिनॅक. घरात मात्र ब्रँडचे नाव तेवढे लक्षात राहते. मग डोके दुखले की कुणीतरी आयबुप्रोफेन देते. ते त्याच जातीचे. त्याने गुण फारसा वाढत नाही, अपाय वाढतो.

‘१-०-१, जेवणानंतर’
सकाळ-रात्र मिळून २०० मि.ग्रॅ. झाले, ॲसिक्लोफिनॅकची दिवसाची मर्यादा इथेच संपली. जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होईल, पण तेवढ्याने पोट सुरक्षित होत नाही. ॲसिक्लोफिनॅक ज्या जातीचे आहे ती ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात, तीच जठराचे अस्तरही राखतात. औषध तिथे रक्तातूनही पोचते. म्हणूनच ‘इंजेक्शन घेतले, आता पोटाची काळजी नाही’ हा समज खोटा आहे. इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो.

‘पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी’
या वयात ही ओळ हवीच. पण ती राखते जठर आणि लहान आतड्याची सुरुवात. मूत्रपिंड नाही, हृदयही नाही. ‘पोटाची गोळी सोबत आहे ना’ या धीरावर दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालतात, याची मला फार काळजी वाटते.

‘५ दिवस’
सर्वांत मोलाची ओळ, आणि सर्वांत आधी विसरली जाणारी. झिजलेला गुडघा ५ दिवसांनी पुन्हा दुखतो, जुनी चिठ्ठी दाखवली की स्ट्रिप मिळते. डॉक्टरांनी दिलेली मुदत अशी कुणाच्या लक्षात न येता संपते.

‘डायक्लोफिनॅक जेल, लावण्यासाठी’
ही ओळ सर्वांत वर हवी होती. गुडघ्याला जेलने चांगला आराम पडतो आणि औषध रक्तात अगदी थोडे जाते. जोडीला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लिहायला हवे होते.

न लिहिलेली ओळ
रक्तदाबाची गोळी नेमकी कोणती, हे चिठ्ठीत कुठेच नाही. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध यांची जोडगोळी पुष्कळांना चालू असते. तिच्यात ॲसिक्लोफिनॅकची भर पडली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. त्यात जुलाब किंवा उन्हाचा तडाखा आला तर ते अचानक निकामी होऊ शकते. शिवाय रक्तदाबही चढतो. गोळी लांबणार असेल तर क्रिएटिनिन तपासावे. शौच काळी झाली, लघवी घटली किंवा पायांवर सूज आली तर दुखण्याची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा सोबत न्याव्यात.