विजेविना टेस्ला

पुण्यात राहून ज्याने घरात एकही पाटी लावली नाही, त्याला शेजारीपाजारी भाडेकरू समजतात. आमची पाटी १९९१ साली लागली. चिरंजीवांनी शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून इलेक्ट्रिक गिटार आणली आणि चौथ्याच दिवशी मी त्यांच्या दारावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं : 'दुपारी १ ते ४ आवाज करू नये.'

पाट्या वाचून माणसं सुधारत असती, तर पुणं केव्हाच सुधारलं असतं. एका रविवारी जेवणानंतर नुकता डोळा लागत होता, तोच भिंतीवरचे आजोबा फोटोसकट हादरले. मी उठलो आणि घराचा फ्यूजच काढून खिशात घातला. ''वाजव आता !'' पंखाही बंद पडला, हे मागाहून लक्षात आलं.

संध्याकाळी स्वारी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन समोर बसली. ''बाबा, आता विजेशिवायच ऐका.'' मित्राच्या मामाने अमेरिकेहून आणलेली कॅसेट होती. बँडचं नाव टेस्ला.

हे नाव त्यांनी शास्त्रज्ञ निकोला टेस्लावरून घेतलेलं. म्हणजे ए. सी. विजेची मोटर बनवणारा तोच तो ! कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोची ही पाच पोरं. १९८६ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली, तिचं नाव 'मेकॅनिकल रेझोनन्स'. १९८९ ची दुसरी 'द ग्रेट रेडिओ कॉन्ट्रोव्हर्सी'. नावं ऐकून पदार्थविज्ञानाची क्रमिक पुस्तकं वाटावीत. वाजवायचे मात्र हार्ड रॉक. १९९० साली ते मॉटली क्रू या बड्या बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायला होते. मोठमोठी स्टेडियमं, भिंतीएवढे स्पीकर. मात्र सुट्टीच्या दिवशी ही मंडळी एखाद्या लहानशा थिएटरात साध्या लाकडी गिटारी घेऊन बसायची. शेतकऱ्याने सुट्टीत परसातली वांगी खुरपावीत, तसाच प्रकार !

अशीच एक बैठक २ जुलै १९९० ला फिलाडेल्फियाच्या ट्रोकाडेरो थिएटरात झाली. थिएटर १८७० सालचं, एके काळी तिथे उडत्या नाचगाण्यांचे फड रंगत. ती बैठक ध्वनिमुद्रित झाली आणि त्याच वर्षी 'फाइव्ह मॅन अकूस्टिकल जॅम' या नावाने बाजारात आली. जॅम म्हणजे पावाला लावायचा नव्हे. मिळून बसायचं आणि सुचेल तसं वाजवायचं. विजेच्या महर्षीचं नाव लावणाऱ्यांना खरी कीर्ती मिळाली ती वीज सोडल्यावर. मायक्रोफोनला वीज लागलीच असणार, पण एकादशीला साबुदाणा चालतो, तसं ते.

मी ऐकू लागलो. जेफ कीथचा खरखरीत गळा, फ्रँक हॅनन आणि टॉमी स्कीओक यांच्या गिटारी, मधूनच श्रोत्यांचा सूर. त्यात बीटल्सचं एक गाणं, रोलिंग स्टोन्सचंही एक. आवाज जितका मोठा तितकं गाणं छोटं, असा माझा तोवर समज होता. इथे आवाज काढून घेतला होता आणि गाणं जागच्या जागी उभं होतं. मी फ्यूज काढला तेव्हा माझं काय उरलं होतं ? नुसता घाम.

मग 'साइन्स' नावाचं गाणं लागलं. मूळचं ते कॅनडातल्या फाइव्ह मॅन इलेक्ट्रिकल बँडचं, १९७१ साली गाजलेलं. त्या 'इलेक्ट्रिकल'वर काट मारून टेस्लाने आपल्या रेकॉर्डचं बारसं केलं होतं. १९९१ साली त्यांचं 'साइन्स' अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढल्याच वर्षी एरिक क्लॅप्टनची 'अनप्लग्ड' आली आणि तिने तर जग जिंकलं.

''गाणं कशावर आहे रे ?'' मी विचारलं.

''पाट्यांवर,'' चिरंजीव खाली बघत म्हणाले. ''हे करू नका, ते करू नका, असल्या पाट्या जिथे तिथे लावणाऱ्यांवर एक तरुण चिडलाय.''

मी काही बोललो नाही. कॅसेट संपल्यावर आधी फ्यूज बसवला, मग दारावरची पाटी काढली. त्या रात्री पोराने गिटार वाजवली, पण वायर न लावता. ती डासासारखी गुणगुणत होती. मी दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकली. सूर बरा होता पोराचा. चार दिवस मला ते कळलंच नव्हतं.

पाटी टाकून दिली नाही. चांगली लाकडी होती. सौभाग्यवतींनी ती दुसऱ्याच दिवशी माझ्या खाटेच्या उशाशी टांगली. घोरण्यालाही वीज लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.