करमणुकीचा अनुशेष

इतिहास म्हटला, की आपल्याकडे तो तलवारीचा तरी असावा लागतो, नाहीतर तहाचा तरी. टीव्हीचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही. जो तो टीव्ही बघायलाच बसतो. मी स्वतः बी.कॉम. इतिहासाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा, तोही सनावळ्यांपुरता. परंतु बावीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यानं एक सवय अंगात मुरली आहे. कुठलंही खातं उघडलं, की आधी मागील शिल्लक बघायची. ती जुळत नसेल, तर पुढचा सगळा हिशेब म्हणजे नुसती रांगोळी.

हल्ली रात्री जेवणं उरकली, की मी लॅपटॉपवर दूरदर्शनचे जुने कार्यक्रम बघत बसतो. लॅपटॉप मूळचा चिरंजीवांचा. इंजिनिअरिंगला जाताना त्यांनी नवा घेतला आणि जुना माझ्या नावे वर्ग केला. (त्याच्या अंगचे गुण पुढे येतीलच.) परवा पुण्याचे आमचे साडू आले होते. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जन्म सदाशिव पेठेतला. पडद्याकडे बघून म्हणाले, "काय साडूभाऊ, पुन्हा एकदा चिमणराव का?"

'पुन्हा एकदा' या शब्दांपाशी माझा हिशेब अडला. साडूंच्या बाबतीत ते बरोबर होते. त्यांनी लहानपणी चिमणराव, गुंड्याभाऊ, 'गजरा' हे सगळं घरात बसून पाहिलेलं. माझ्या खात्यावर मात्र याची पहिली नोंदच नव्हती. मी जे बघत होतो ते पुन्हा नव्हे, पहिल्यांदाच बघत होतो. फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं उशिरा. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एसटीसुद्धा इतकी उशिरा येत नाही.

आता हा उशीर नेमका कुठं झाला, ते बघू.

देशात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. तिथून मुंबईला यायला त्याला तेरा वर्षं लागली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. पुढल्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि पुणेकरांची सोय झाली. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. (२०२३ पासून सरकारी कागदावरही ते धाराशिव झालं.) आमच्यापर्यंत मुंबईचं चित्र काही पोचेना. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी आहे गोल, त्यामुळे मनोऱ्यापासून काही अंतरावर लहरी डोक्यावरून निघून जातात. पृथ्वी गोल आहे हे शाळेत आम्ही पाठ केलं होतं. पण त्या गोलाईचा सगळा भुर्दंड मराठवाड्यावर पडतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

आणि गंमत बघा. मुंबई केंद्राचा एक नावाजलेला कार्यक्रम होता 'आमची माती, आमची माणसं'. शेतकऱ्यांसाठी. सत्तरच्या दशकात तो दिसायचा कुठं, तर मुंबई-पुण्याच्या टापूत. म्हणजे ज्वारीवरची कीड कशी ओळखावी, हे दादरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना चांगलं ठाऊक झालं होतं. इकडे परंड्याचा शेतकरी त्या किडीशी आपल्या बळावर झुंजत होता. माती आमची, माणसं आमची; फक्त टीव्ही तुमचा.

याहून गंमत आमच्या शिवेपलीकडे झाली. उमरगा ओलांडलं, की कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हा लागतो. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारत सरकारनं 'साइट' नावाचा एक प्रयोग केला. अमेरिकेच्या 'नासा'चा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांना थेट आकाशातून टीव्ही दाखवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, तिच्याखाली गावात मिळून एक संच. संध्याकाळी शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम, सकाळी पोरांची शाळा. त्या सहा राज्यांत कर्नाटक होतं आणि निवडलेल्या भागात गुलबर्गा होतं. महाराष्ट्र नव्हता. 'महाराष्ट्र पुढारलेला' असं ठरल्यावर त्यात आम्हीही फुकटात पुढारलो! ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि अमेरिकेनं आपला उपग्रह परत नेला. उसनी वस्तू मुदतीत परत गेल्याचं असं उदाहरण माझ्या बँकेतल्या अनुभवात विरळाच.

पुढे १९८३ साली सरकारनं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. कुठला भाग विकासात किती मागं राहिला हे तिनं रुपयांत मोजलं. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याच्या वाट्याचे साडेसातशे कोटी. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठवाड्यात बारशाच्या नावासारखा घरोघरी रुळला. समितीनं रस्ते मोजले, पाटबंधारे मोजले, शाळा, दवाखाने, वीज, इतकंच काय पण गुरांचे दवाखानेसुद्धा मोजले. फक्त मुंबई-पुण्याचा माणूस वर्षाला किती हसला आणि उस्मानाबादचा किती, हे कोणी मोजलं नाही. करमणुकीचा अनुशेष कोणत्याच रकान्यात बसला नाही.

तरी वरून प्रयत्न चालू होते, आणि 'वरून' हे अगदी शब्दशः. इन्सॅट मालिकेतला आपला पहिला उपग्रह इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सुटला आणि सप्टेंबरात कायमचा बंद पडला. दुसरा, इन्सॅट-१बी, ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून गेला. वर पोचल्यावर त्याचा सौर पंखा उघडेना. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भारतीय आणि अमेरिकन अभियंते जमिनीवरून खटपटी करीत बसले, तेव्हा कुठं तो उघडला. माझ्या लॅपटॉपची बिजागरीही अशीच अडते. पण मला निदान हात लावता येतो. त्या बिचाऱ्यांना छत्तीस हजार किलोमीटरवरून लावायचा होता.

तो पंखा उघडला म्हणून १९८४ साली गावोगावी लहान सहक्षेपण केंद्रं उभी राहू लागली. काही महिने तर देशात दिवसाला सरासरी एक केंद्र. लहान म्हणजे किती? शंभर वॅटचं. आपल्या माजघरात पूर्वी लटकायचा त्या पिवळ्या दिव्याच्या ताकदीचं! तेवढ्यावर वीस-पंचवीस किलोमीटरचा घेरा उजळायचा. त्यापलीकडचे लोक लांब बांबूवर अँटेना चढवत आणि वर बूस्टर बसवत. तरी पडद्यावर मुंग्या यायच्या त्या यायच्याच. आमच्या आळीत मुंग्या निवारण्याची एक पद्धतच ठरली होती. एक पोरगा पत्र्यावर, एक अंगणात, एक खिडकीत. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. वरच्या पोराला अँटेना किंचित उत्तरेला वळवायला सांगितलं, की निरोप पोचेपर्यंत बातम्या संपलेल्या असत.

आता इथं नीट लक्ष द्या. ही केंद्रं चित्र उचलायची ते दिल्लीचं, उपग्रहावरून. म्हणजे टीव्ही आला, पण मराठी आली नाही! ७ जुलै १९८४ ला सुरू झालेलं 'हम लोग' आम्ही मन लावून पाहिलं. फाळणीत लाहोर सोडून आलेल्यांचं 'बुनियाद' पाहून आमची आजी पदरानं डोळे पुसायची, आणि तिला हिंदी येत नव्हतं. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागलं, तेव्हा तर ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घराचं मंदिरच झालं. संचाला हळदीकुंकू, पुढं उदबत्ती, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. त्या ढिगातून आपलीच चप्पल घालून परत येणारा पोरगा आळीत हुशार समजला जाई. पुढं मुंबईचे मराठी कार्यक्रमही उपग्रहावरून राज्यभर दिसू लागले. तोवर चिमणराव येऊन, हसवून, निघूनही गेले होते.

या इतिहासात एक पान असं आहे, की तिथं विनोद थांबतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि आमच्याकडे सास्तूर, अशी गावंच्या गावं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. हजारो माणसं गेली. त्यानंतर कित्येक दिवस रोज संध्याकाळी टीव्हीवर आमच्याच गावांची नावं होती. ज्या पडद्यावर आमची माती, आमची माणसं कधी दिसली नव्हती, त्याच पडद्यावर ती दिसली, आणि अशी दिसली. आळीतली माणसं तेव्हाही एका संचापुढं जमली होती. पण पत्र्यावर चढून चित्र नीट करा म्हणून कोणी कोणाला सांगितलं नाही.

असो. आता वर्तमानकाळात येऊ, म्हणजे लॅपटॉपकडे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शननं 'रामायण', 'महाभारत' पुन्हा दाखवायला काढलं. १६ एप्रिलला सात कोटी सत्तर लाख लोकांनी 'रामायण' पाहिलं, असं दूरदर्शननंच जाहीर केलं. मला जुन्याची गोडी लागली ती तिथून. सह्याद्री वाहिनीच्या संग्रहातले कितीतरी मराठी कार्यक्रम आता इंटरनेटवर आहेत. लॅपटॉप उघडायचा, आणि उघडला तर बघायचे.

हा 'उघडला तर' महत्त्वाचा. पडदा एका ठरावीक कोनात धरला तरच चित्र दिसतं. अंगुळभर पुढं केला तर काळोख, मागं केला तर पट्टे. बॅटरी नावापुरती. वायरला धक्का लागला, की चिमणराव वाक्याच्या मध्यावर मिटतात. त्याचा पंखा सुरू झाला, की स्वयंपाकघरातून सौ. विचारतात, "अहो, एवढ्या रात्री कोणाची गिरणी चालू झाली?"

शेवटी त्याला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानातला पोरगा विशीचा. चार स्क्रू काढून त्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्यात उशी भरायला कापूस साठवलाय का? मग गरम व्हायलंय ते खरंच हाय की!" पंखा साफ झाला. मग त्यानं आतून बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी काढली. म्हणाला, "ही मेमरी. हिच्यावर घाण बसली की समदं अडतंय." आणि टेबलाच्या खणातून शाळकरी पोरांचं खोडरबर काढून तो पट्टीचे सोनेरी दात घासू लागला. पट्टी परत बसवली. लॅपटॉप चालू झाला. खोडरबर घासल्यानं स्मृती परत येते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दूरदर्शनच्या बाबतीत मात्र नेमकं उलट झालं होतं. त्या काळी मुद्रणाची टेप महाग. कार्यक्रम एकदा दाखवून झाला, की पुष्कळदा तीच टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करीत. काटकसर म्हणून यात काही वावगं नव्हतं. आमच्या बँकेतसुद्धा पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे करून ठेवतात. पण त्यामुळं चि. वि. जोश्यांच्या कथांवरच्या त्या मालिकेचे, ज्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, मोजकेच भाग उरले. साडूंच्या खात्यावर बाकीचे भाग आठवणीच्या रूपानं जमा आहेत. आमच्या खात्यावर ते ना टेपच्या रूपानं, ना आठवणीच्या. पुण्यामुंबईला जे पुसलं गेलं ते निदान एकदा दिसून गेलं. आम्हाला ते दिसण्याच्या आधीच पुसलं गेलं.

रस्त्याचा अनुशेष राहिला, तर आज ना उद्या त्या जागी रस्ता होऊ शकतो. जागा कुठं जात नाही. पण आमची आजी हिंदी न समजता 'बुनियाद' बघून रडली, तिला चिमणरावांवर आपल्या भाषेत हसायचं राहून गेलं, त्याची तरतूद कुठल्या अंदाजपत्रकात करणार? आम्ही बँकवाले अशा रकमेला 'बुडीत' म्हणतो. तिची वसुली होत नाही. पण वहीत ती दाखवावी लागते. नियम असा आहे, की बुडालेलं कर्जसुद्धा नोंद न करता बुडू द्यायचं नाही. हा लेख म्हणजे ती नोंद समजा.

जे उरलंय त्याची वसुली मात्र नेमानं चालू आहे. शेजारचे निवृत्त गुरुजी आता रात्री आमच्याकडे येतात. वय ऐंशीच्या पुढं, चिमणराव वाचलेले पुस्तकात, बघितलेले कधीच नाहीत. एक जण वायर धरून बसतो, एक जण पडदा ठरलेल्या कोनात पेलून धरतो आणि गुरुजी बघतात. परवा भाग ऐन रंगात आला असताना वीज गेली. बॅटरी नसल्यानं लॅपटॉपही गेला. गुरुजी अंधारात थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "घाई न्हाई बाबा. एवढी वर्षं थांबलोय, लाइट येईपर्यंत थांबूच की."