सर्व्हरचा दुसरा संसार

इंटेलने ६ मार्च २०१२ रोजी झिऑन ई५-२६७० हा प्रोसेसर आणला, तेव्हा त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. ८ कोअर, २० एमबी कॅश, ११५ वॉट. त्याचा जन्म डेटा सेंटरच्या रॅकसाठी, अहोरात्र घोंगावणाऱ्या पंख्यांपुढे बसण्यासाठी. चारेक वर्षांनी तोच प्रोसेसर अमेरिकेतल्या जुन्या मालाच्या बाजारात शंभर डॉलरच्या आत, तोही ढिगाने मिळू लागला.

तो बिघडला होता म्हणून नव्हे. सर्व्हरचं आयुष्य तेव्हा हिशेबाच्या वहीत तीन-चार वर्षांचंच धरलेलं असे. शिवाय नवा प्रोसेसर तेवढ्याच विजेत जास्त काम उरकतो, म्हणून अख्खे रॅक एकदम निघत. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिने २०२१मध्ये सर्व्हरचं हे कागदोपत्री आयुष्य तीनाचं चार आणि २०२३मध्ये सहा वर्षं केलं. यंत्रं टिकत होतीच. बदलली ती वही.

प्रोसेसर स्वस्त झाला, पण तो बसवायचा कशावर? सर्व्हरचे मदरबोर्ड आडव्यातिडव्या मापाचे, नेहमीच्या कॅबिनेटमध्ये न मावणारे, बहुतेकांना आपल्याकडचा साधा एसएमपीएस चालत नाही. ही अडचण सोडवली चीनमधल्या शेन्झेनच्या कारागिरांनी. हुआचियांगबेई हा तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा प्रचंड बाजार. जुन्या बोर्डांवरचे चिपसेट तापवून काढायचे, तपासायचे आणि नव्या बोर्डावर चढवायचे, हे काम तिकडे सुरू झालं. हुआनानसारख्या नावांचे ‘एक्स७९’ बोर्ड असे तयार झाले: साध्या कॅबिनेटमध्ये बसणारे, आणि सर्व्हरची रॅमही घेणारे. या रॅमचं महत्त्व मोठं. रजिस्टर्ड ईसीसी प्रकारची ही रॅम घरगुती बोर्डांवर चालतच नाही, म्हणून सर्व्हर मोडीत निघाला की ती कवडीमोल होते. तिला घर मिळालं आणि ६४ जीबी रॅम मध्यमवर्गीय टेबलावर आली.

खटपटी माणसं याच्या आधीही होतीच. २००७ सालच्या झिऑन ई५४५०चं सॉकेट वेगळं, ७७१ टोकांचं. घरगुती बोर्डाचं ७७५ टोकांचं. दोन टोकांची अदलाबदल करणारा नखाएवढा स्टिकर प्रोसेसरच्या पोटाला लावायचा, खाचा जुळाव्यात म्हणून थोडं तासायचं, की सर्व्हरचा प्रोसेसर जुन्या घरगुती बोर्डावर सुरू! काही ठिकाणी बायॉसही बदलावं लागे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत या स्टिकरचा उल्लेख मला कुठे सापडत नाही, आणि तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्यात घरी जुनी मराठी मासिकं स्कॅन करून त्यांतला मजकूर ओळखून घेते. या कामाला एका कोअरचा वेग फारसा लागत नाही, कोअर पुष्कळ लागतात. एकेक पान एकेकाला वाटून देता येतं. ई५-२६७० एका वेळी १६ धागे चालवतो. माझा बोर्ड शेन्झेनहून पार्सलने आला, कॅबिनेट आणि एसएमपीएस मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून. या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोयच नाही, म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्डही घेतलं. दुकानदाराने बिल करताना विचारलं, “ताई, सर्व्हर घरी कशाला?” मी त्याला मोबाइलवर १९३०च्या दशकातलं एक पान आणि शेजारी त्याचा ओळखलेला मजकूर दाखवला. त्याने हीटसिंकवर लावायची पेस्ट वर फुकट दिली. विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. लिनक्सला तो चालतो. एप्रिल-मेमध्ये पानांचा मोठा गठ्ठा मी रात्री लावते, कारण दुपारी त्या खोलीत बसवत नाही.

नोव्हेंबर २०२०मध्ये भारत सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत अलीएक्सप्रेसही होतं. घरबसल्या असे बोर्ड मागवायची सर्वांत सोपी वाट तिथे बंद झाली. आता भारतातल्याच विक्रेत्यांकडे ते मिळतात, थोडे महाग.

मला खरी काळजी पुढच्या पिढीची आहे. एएमडीच्या एपिक प्रोसेसरमध्ये अशी सोय आहे की सर्व्हर बनवणारी कंपनी आतले फ्यूज कायमचे जाळून प्रोसेसरला स्वतःच्याच बोर्डांशी बांधू शकते. सुरक्षेचं कारण खरं आहे, ग्राहकाच्या माहितीला त्याने संरक्षण मिळतं. पण असा बांधलेला प्रोसेसर मोडीत निघाला की दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालत नाही, आणि जळालेला फ्यूज शेन्झेनच्या कारागिरालाही जोडता येत नाही.