हवेचा कायदा

मायलेजचं खापर आपण नेहमी गाडीवर फोडतो. आज थोडं उजव्या पायाबद्दल बोलूया.

ऑक्टोबर १९७३. युद्धात इस्रायलला मदत केली म्हणून अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. काही महिन्यांत कच्चं तेल जवळपास चौपट महागलं, पंपांवर रांगा लागल्या. २ जानेवारी १९७४ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली: हायवेवर कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर.

मी इंजिनिअर, म्हणून यामागचं गणित सांगतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात, की तो दीडपटीहून जास्त होतो. त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

त्या वर्षी अमेरिकेतले रस्त्यांवरचे मृत्यूही सुमारे ५४ हजारांवरून ४५ हजारांवर आले. लोक गाड्याच कमी काढत होते, हेही त्यामागचं एक कारण. तरी लोक वैतागले, मर्यादा सर्रास मोडली, आणि १९९५ मध्ये ती रद्द झाली.

हवेचा कायदा मात्र कुणालाच रद्द करता आला नाही. म्हणून हायवेवर ८० च्या आसपास एकसारखं चालवा. सिग्नल लांबून लाल दिसला, की गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. टायरमधली हवा तपासत राहा. पोचायला दहा मिनिटं उशीर होईल, पण पैसे वाचतील. कदाचित जीवही.