रोका चषक

१९१० च्या सुमारास आर्जेन्टिना व ब्राझील हीं शेजारी राष्ट्रें चुरशीनें प्रचंड युद्धनौका बांधवून घेत होतीं. पुढें थोड्याच वर्षांत आर्जेन्टिनाचे माजी अध्यक्ष जनरल रोका यांनीं स्नेहवृद्धीसाठीं फुटबॉलचा चषक दिला. सेनापतीला हें सुचावें, हें विशेषच! २७ सप्टेंबर १९१४ रोजीं ब्वेनोस आयरेस येथें ब्राझीलनें तो एका गोलानें जिंकला. यजमानांचा एक गोल हात लागून झाला, तेव्हां त्यांच्याच कर्णधारानें तो पंचाकडून रद्द करविला, असें सांगतात. पुढल्याच महिन्यांत रोका वारले. १९३९ त्यांना पाहावें लागलें नाहीं. त्या सालीं रिओ येथें पेनल्टीवरून तंटा माजला, पोलीस मैदानांत शिरले, पाहुणे निघून गेले आणि ब्राझीलनें गोलरक्षकावांचून उघड्या गोलांत चेंडू मारून सामना जिंकला—यास जिंकणें म्हणावयाचें असेल तर. तरी चषकाचे सामने १९७६ पर्यंत अधूनमधून होत राहिले.