समलेखी शब्द, आंतरभाषिक

समलेखी शब्द, आंतरभाषिक : दोन किंवा अधिक भाषांत एकाच अक्षररूपाने लिहिले जाणारे, परंतु अर्थाने परस्परांशी संबंध नसलेले शब्द. लेखन एक, अर्थ भिन्न आणि व्युत्पत्तीही भिन्न, हे त्यांचे लक्षण होय. एका मूळ शब्दाचा अर्थ निरनिराळ्या भाषांत पालटून झालेले भेद यांहून वेगळे मानावे लागतात. तथापि व्यवहारात दोहोंमुळे होणारी फसगत सारखीच असल्याने त्यांचा विचार बहुधा एकत्र केला जातो. माक्सीम केस्लर आणि झ्यूल देरोकिन्यी या फ्रेंच लेखकांनी १९२८ साली इंग्रजी-फ्रेंच भाषांतरातील अशा शब्दांवर ग्रंथ लिहिला व त्यांना ‘फसवे मित्र’ अशा अर्थाची संज्ञा दिली. ती पुढे रूढ झाली.

एकच लिपी अनेक भाषांसाठी वापरली जाते, तेथे हे शब्द विपुल आढळतात. देवनागरी लिपीत संस्कृत, मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, मैथिली, डोगरी इ. भाषा लिहिल्या जातात. बोडो ही तिबेटी-ब्रह्मी कुलातील भाषाही देवनागरीतच लिहिली जाते. मराठीच्या व्यवहारात दीर्घकाळ मोडी लिपी प्रचलित होती, तर मैथिली तिरहुता व डोगरी टाकरी या लिपींत लिहीत. आधुनिक काळात मुद्रण, शिक्षण व शासनव्यवहार यांमुळे देवनागरीचा प्रसार झाला. त्यामुळे पूर्वी लिपिभेदाने आपोआप अलग राहणारे शब्द एका वेषात समोरासमोर आले.

ध्वनिपरिवर्तन : या साम्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण ध्वनिपरिवर्तन हे आहे. मुळात निराळे असलेले शब्द झिजत झिजत एकरूप होतात. ‘पीठ’ हे याचे उत्कृष्ट उदाहरण होय. संस्कृतमध्ये ‘पीठ’ म्हणजे आसन. ‘विद्यापीठ’, ‘धर्मपीठ’ या शब्दांत तोच अर्थ आहे. मराठीत दळलेल्या धान्याला पीठ म्हणतात. ते संस्कृत ‘पिष्ट’ यापासून आले आहे. हिंदीत पीठ म्हणजे शरीराची मागची बाजू. तिचे मूळ संस्कृत ‘पृष्ठ’ हे होय. ‘पिष्ट’ व ‘पृष्ठ’ हे दोन्ही शब्द प्राकृतात ‘पिट्ठ’ या रूपास पोहोचले. पुढे द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. मराठीत मात्र संस्कृत ‘ऋ’चा या ठिकाणी ‘अ’ झाल्याने ‘पृष्ठ’पासून ‘पाठ’ हा शब्द सिद्ध झाला. ‘मृत्तिका’ या शब्दाची मराठीत ‘माती’ व हिंदीत ‘मिट्टी’ अशी दोन रूपे झाली, तीही याच भेदामुळे. अशा रीतीने मराठीने पाठीचे आणि पिठाचे साम्य टाळले. पण ‘पाठ’ हे रूप धडा वा पठण या अर्थाच्या संस्कृत ‘पाठ’ शब्दाशी एकरूप झाले. एका ठिकाणी सुटलेली गाठ भाषेत दुसऱ्या ठिकाणी पडते, ती अशी.

‘ऊन’ हा शब्दही असाच आहे. मराठीत त्याचा अर्थ सूर्याचा ताप, मूळ ‘उष्ण’. हिंदीत व नेपाळीत लोकर, मूळ ‘ऊर्णा’. संस्कृतमध्ये कमी किंवा उणे. ‘न्यून’ या शब्दात आणि ‘एकोनविंशति’ यापासून आलेल्या ‘एकोणीस’ या संख्यावाचकात हा तिसरा ‘ऊन’ आहे. लोकर ऊब देते म्हणून ऊन व लोकर यांचे नाते जुळविण्याचा मोह होतो. परंतु ती केवळ लोकव्युत्पत्ती ठरते. ‘उन्हाळा’ या शब्दातील हकार ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, या मुळाची साक्ष देतो. ‘ऊर्णा’ शब्दात त्याला आधार नाही. केवळ रूपसाम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. नियमित ध्वनिपरिवर्तन हाच पुरावा, हे तुलनात्मक भाषाशास्त्राचे तत्त्व येथे स्पष्ट होते.

परभाषीय शब्द : उसनवारी हे दुसरे कारण. मराठीत ‘खाली’ म्हणजे तळाच्या बाजूस; हिंदीत अरबीतून आलेला ‘खाली’ रिकामा या अर्थाचा आहे. ‘तर’ हे मराठीत उभयान्वयी अव्यय आहे. नेपाळीत त्याचा अर्थ ‘परंतु’ असा होतो, हिंदीत फार्सीतून आलेला ‘तर’ म्हणजे ओला, आणि संस्कृतमध्ये ‘तर’ हा ‘उच्चतर’ यासारख्या शब्दांतील तुलनावाचक प्रत्यय आहे. मराठीतील ‘पाव’ चौथा हिस्सा या अर्थी संस्कृत ‘पाद’ यापासून, तर खाद्यपदार्थ या अर्थी पोर्तुगीजमधून आला आहे. त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ लॅटिन ‘पानिस’ होय. याच ‘पानिस’पासून झालेला पावाचा फ्रेंच शब्द रोमन लिपीत पी-ए-आय-एन असा लिहितात, वेदना या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचीही हीच अक्षरे आहेत, पण त्याचे मूळ दंडवाचक लॅटिन शब्दात आहे.

लेखनपद्धती : काही साम्य केवळ लेखननियमांतून निर्माण होते. मराठीत नामवाचक शब्द पूर्वी ‘नांव’ असा अनुस्वार देऊन लिहीत आणि होडी या अर्थी ‘नाव’ असे लिहीत. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्यावर हे दोन शब्द समलेखी झाले. हिंदीत ‘नाव’ म्हणजे होडीच. उलट, लेखन एक राहून उच्चार वेगळा असेही घडते : मराठीत ‘थोडेसे’ या अर्थाच्या ‘जरा’ शब्दातील ‘ज’ दंततालव्य, तर वार्धक्यवाचक संस्कृत ‘जरा’ शब्दातील ‘ज’ तालव्य आहे. हिंदीत पहिल्या शब्दाच्या ‘ज’खाली नुक्ता देऊन हा भेद दाखवितात.

अर्थांतर : ‘शिक्षा’, ‘राजीनामा’ व ‘सही’ हे शब्द खऱ्या अर्थाने असंबद्ध नव्हेत, त्यांची मुळे एक असून अर्थ दुरावले आहेत. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. केंद्र शासनाच्या संबंधित मंत्रालयास २०२० पासून हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ असे नाव आहे. मराठीत ते ‘शिक्षण मंत्रालय’ असेच लिहावे लागते. ‘राजीनामा’ म्हणजे हिंदीत पक्षकारांमधील तडजोडीचा लेख, तर मराठीत पदत्यागाचे पत्र. न्यायालयीन कागदाच्या भाषांतरात हा शब्द तसाच ठेवल्यास तडजोड करणारा मनुष्य पदत्याग करणारा ठरेल. शासकीय परिभाषा तयार करताना सर्व भाषांना समान संस्कृतोद्भव संज्ञा स्वीकारण्याकडे कल असतो. परंतु समान रूपाबरोबर समान अर्थ येतोच असे नाही, ही मर्यादा अशा शब्दांमुळे लक्षात येते.

कोशरचनेत भिन्न मुळांच्या समलेखी शब्दांना स्वतंत्र नोंदी देण्याची आणि एकाच शब्दाचे अर्थभेद एका नोंदीखाली देण्याची पद्धत आहे. संगणकीय लेखनात हा प्रश्न नव्याने उद्‌भवला. १९९१ पासून युनिकोड प्रणालीत देवनागरी वर्णांना सर्व भाषांसाठी एकच संकेतांक असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा कळत नाही. शब्दशोध व यांत्रिक भाषांतर यांत ती संदर्भावरून ठरवावी लागते. वाचकालाही अखेर तेच करावे लागते. लिपी शब्द वाचून दाखविते. तो कोणत्या भाषेचा आहे, हे वाक्य सांगते.